चषक दुसऱ्याच्या हाती

१५ जून २०१८. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर अफगाणिस्तानचा पहिलावहिला कसोटी सामना दुसऱ्याच दिवशी संपला. भारताच्या ४७४ धावांपुढे त्यांचे दोन्ही डाव एकाच दिवसात कोसळले, १०९ आणि १०३. एक डाव आणि २६२ धावांनी हार. ज्या देशातले अनेकजण निर्वासितांच्या छावण्यांत बॅट धरायला शिकले, ज्यांनी आपले घरचे सामनेही परक्या मैदानांवर खेळले, त्या पोरांसाठी कसोटीचे दार उघडले आणि उघडताच असा दिवस पाहावा लागला. विराट कोहली त्या सामन्यात नव्हता. कप्तान होता अजिंक्य रहाणे. बक्षीस समारंभात चषक त्याच्या हाती आला, भारतीय संघ फोटोसाठी जमला, आणि अजिंक्यने अफगाणिस्तानच्या खेळाडूंना बोलावून घेतले. चषकाभोवती दोन्ही संघ एकत्र उभे राहिले. जिंकलेले कोण आणि हरलेले कोण, हे त्या फोटोत फक्त कपड्यांवरच्या नावांवरून ओळखावे लागते.

आमच्या हिंगोलीत ते पेरणीचे दिवस होते. कृषी केंद्रांपुढे बियाण्यांसाठी उभ्या असलेल्या माणसांतही तो फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत होता. कुणी शतकाबद्दल बोलत नव्हते. शिखर धवनने त्या सामन्यात उपाहारापूर्वी शतक ठोकले होते, ते सगळे विसरले. बोलणे चालले होते त्या बोलावण्याबद्दल.

मी बऱ्याच वर्षांपासून जिल्ह्यातल्या टेनिस बॉल स्पर्धांना अंपायर म्हणून उभा राहतो. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, सगळ्या तालुक्यांतली मैदाने पायाखालची आहेत. मैदान म्हणजे सोयाबीन निघाल्यावर मोकळे झालेले रान, नाहीतर शाळेमागचे गायरान. खेळपट्टीवर चटई, सीमारेषेला चुन्याची फक्की, एका कडेला मंडप आणि मंडपात माइकवर समालोचन करणारा एखादा हौशी गडी. अंपायरच्या जागेवरून फलंदाज जेवढा दिसतो त्यापेक्षा कप्तान जास्त दिसतो. झेल सुटल्यावर तो त्या पोराला काय म्हणतो, हे मंडपात ऐकू येत नाही, मला येते. शेवटच्या षटकात मार खाल्लेल्या गोलंदाजाच्या जवळ तो जातो की तोंड फिरवून उभा राहतो, हे मी पाहिलेले असते. सामना संपल्यावर चटई कोण गुंडाळतो आणि लांबच्या वस्तीवरून आलेल्या पोराला अंधार पडायच्या आत घरी कोण पोचवतो, तेही. अशी कितीतरी वर्षे पाहून माझे मत पक्के झाले आहे की कप्तान ओळखायचा तो खेळ थांबल्यावर. खेळ चालू असतो तेव्हा प्रत्येकाला जिंकायचे असते, त्यामुळे सगळे शहाण्यासारखे वागतात. मिळवण्यासारखे काही उरत नाही तेव्हा माणूस जे करतो, ते त्याचे स्वतःचे असते.

अजिंक्यवर आमच्याकडच्या पोरांचा जो जीव आहे तो यामुळे. त्याच्या बॅटबद्दल वाद होतात. सरासरी घसरली, मायदेशात धावा झाल्या नाहीत, हे सगळे ती पोरे आकड्यांसह मान्य करतात. माणसाबद्दल मात्र वाद होत नाही.

तो जन्माने संगमनेर तालुक्यातल्या अश्वी खुर्दचा, वाढला डोंबिवलीत. वडील मधुकर रहाणे बेस्टमध्ये नोकरीला. रोज रिक्षाने जाणे परवडत नव्हते म्हणून आई सुजाताताई एका हातात किटची बॅग आणि कडेवर धाकटे पोर घेऊन त्याला सरावाला चालत नेत, हे त्याने स्वतः सांगितले आहे. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली आहे, ती मला फार आवडते. लहान असताना वडिलांनी त्याला एकट्याने डोंबिवलीहून सीएसटीच्या लोकलमध्ये बसवले आणि पोरगा नीट पोचतो का हे पाहायला स्वतः मागच्या डब्यातून त्याच गाडीने गेले. पोराला वाटावे आपण एकटे आहोत, आणि बापाची नजर मात्र हटू नये. पुढे अजिंक्यने ज्या तऱ्हेने संघ सांभाळला त्यात मला तो मागचा डबा दिसतो. आरडाओरडा नाही, सतत सूचना नाहीत, पण नजर प्रत्येकावर.

त्याची खरी परीक्षा झाली ती २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात. त्या दौऱ्याबद्दल बोलताना लोक थेट ब्रिस्बेनला जातात. मला ॲडलेडपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण त्या कहाणीतला सगळ्यात जड क्षण तिथला आहे. १७ डिसेंबर २०२० ला पहिल्या कसोटीच्या पहिल्या दिवशी कोहली ७४ धावांवर खेळत होता, सुंदर खेळत होता. अजिंक्यने धावेसाठी हाक दिली आणि मग तो थांबला. कोहली अर्ध्या वाटेत सापडला, धावबाद झाला. संघाचा डाव तिथून ढासळला. दिवसाचा खेळ संपल्यावर अजिंक्य कोहलीकडे गेला, माफी मागितली. दोनच दिवसांनी, १९ डिसेंबरला, भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला. एकाही फलंदाजाला दोन आकडी धावा करता आल्या नाहीत. मोहम्मद शमीचा हात मोडला. कोहली पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी घरी परतला. ज्याच्या हाकेने कप्तान धावबाद झाला होता, त्याच्याच खांद्यावर तो संघ आला.

मेलबर्नला त्याने ११२ धावा केल्या. त्या शतकाचे कौतुक खूप झाले आहे, मी त्याच्या शेवटाबद्दल सांगतो. तिसऱ्या दिवशी सकाळी रवींद्र जडेजा ४९ वर होता, अर्धशतकासाठी चोरटी धाव घ्यायला निघाला, आणि दुसऱ्या टोकाचा अजिंक्य थोडक्यात धावबाद झाला. कसोटीत पहिल्यांदाच. जडेजाचा चेहरा पडला. अजिंक्यने जाता जाता जडेजाला धीर दिला, आणि मग तो तंबूकडे चालू लागला. धावबाद झालेला शतकवीर एरवी कसा जातो हे मी आमच्या मैदानांवर पाहिले आहे. बॅट आपटली जाते, साथीदाराच्या सात पिढ्या उद्धरल्या जातात, आणि साथीदाराचे त्या दिवशीचे खेळणे तिथेच संपते. अकरा दिवसांपूर्वी चुकीच्या हाकेचे ओझे ज्याने स्वतः वाहिले होते, त्याने ते ओझे जडेजाच्या डोक्यावर ठेवले नाही. जडेजाने अर्धशतक पूर्ण केले. भारत आठ गड्यांनी जिंकला. सामनावीराला त्या वर्षी प्रथमच जॉनी मुलाग पदक दिले गेले. मुलाग हा १८६८ साली इंग्लंडला गेलेल्या ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी संघाचा मोठा खेळाडू. ते पहिले पदक अजिंक्यच्या गळ्यात पडले.

मग सिडनी. मोहम्मद सिराजचे नाव घेतले की आमच्याकडे एक वेगळीच आपुलकी जागी होते. सिराज हैदराबादचा, आणि हैदराबाद आम्हाला परके नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आमचा मुलूख त्याच संस्थानात होता, आणि अजूनही इथली माणसे कामासाठी, दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी हैदराबाद गाठतात. सिराजचे वडील ऑटोरिक्षा चालवत. २० नोव्हेंबर २०२० ला ते गेले तेव्हा पोरगा ऑस्ट्रेलियात विलगीकरणात होता. घरी परतण्याची मुभा त्याला दिली गेली, तो परतला नाही. मेलबर्नला त्याने पदार्पण केले. सिडनीला राष्ट्रगीताच्या वेळी त्याचे डोळे वाहत होते, ते सगळ्या देशाने पाहिले. आणि त्याच सिडनीत प्रेक्षकांतल्या काहींनी सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या सिराजला वर्णावरून शिव्या दिल्या. ९ जानेवारीला दिल्या, १० जानेवारीला पुन्हा दिल्या.

सिराज आत आला आणि कप्तानाला सांगितले. इथे एका क्षणात बरेच काही बिघडू शकत होते. कप्तान म्हणू शकला असता, दुर्लक्ष कर, टाक पुढचे षटक. आमच्या पिढीला मोठ्यांनी अशा वेळी हेच शिकवले. किंवा तो रागाने सगळा संघ घेऊन बाहेर जाऊ शकला असता, आणि तेही कुणी चूक म्हटले नसते. अजिंक्य सिराजला सोबत घेऊन पंचांपुढे उभा राहिला. खेळ साधारण दहा मिनिटे थांबला. पंचांनी सांगितले की तुम्हाला हवे तर मैदान सोडू शकता. आम्ही खेळायला आलो आहोत, आम्ही कशाला जायचे, शिव्या देणाऱ्यांना बाहेर काढा, असे त्याचे म्हणणे होते. सहा जणांना प्रेक्षागृहातून बाहेर काढण्यात आले. खेळ सुरू झाला. दुसऱ्या दिवशी हनुमा विहारीने दुखावलेल्या पायाने आणि अश्विनने आखडलेल्या पाठीने दिवस संपेपर्यंत किल्ला लढवला आणि सामना वाचवला.

मला या प्रसंगात पंच म्हणूनही शिकायला मिळाले. आमच्याकडे जातीवरून शेरे मारले जातात, गावावरून, बापाच्या धंद्यावरून मारले जातात. मंडपातून, झाडाखालून, कधी समोरच्या संघाच्या तोंडून. ज्याला ते लागतात तो पोरगा बहुधा गप्प राहतो, कारण सांगायचे कुणाला हे त्याला ठाऊक नसते. कप्तान जर त्याच्याबरोबर चालत माझ्यापर्यंत आला, तर मला सामना थांबवावाच लागतो. सिडनीनंतर आमच्या दोन-तीन संघांचे कप्तान तसे आले आहेत. ही गोष्ट लहान नाही.

ब्रिस्बेनला पोचेपर्यंत बुमराह, अश्विन, जडेजा, विहारी, उमेश, राहुल, सगळे दुखापतींनी बाहेर. गाबाच्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ पासून एकही कसोटी हरली नव्हती. अजिंक्यच्या हाती गोलंदाज होते ते सिराज, शार्दूल ठाकूर, नवदीप सैनी, आणि त्याच सामन्यात पहिल्यांदा कसोटी खेळणारे नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर. शार्दूल पालघरचा, लोकलने धक्के खात मुंबईच्या मैदानांवर पोचलेला. पहिल्या डावात त्याने आणि सुंदरने १२३ धावांची भागी केली. दुसऱ्या डावात सिराजने पाच बळी घेतले. १९ जानेवारी २०२१ ला ऋषभ पंतने ८९ धावांवर नाबाद राहून ३२८ चे लक्ष्य गाठून दिले. तीन गड्यांनी विजय, मालिका २-१.

आता खेळ थांबला होता. आणि मी म्हणतो तसे, खरे पाहण्यासारखे इथून सुरू झाले.

बक्षीस समारंभात अजिंक्यने आधी नेथन लायनला बोलावले. लायनची ती शंभरावी कसोटी होती, आणि ती तो हरला होता. सगळ्या भारतीय खेळाडूंच्या सह्या असलेला भारताचा शर्ट अजिंक्यने त्याला भेट दिला. मग चषक घेतला आणि तो नेऊन दिला टी. नटराजनच्या हाती. नटराजन सेलम जिल्ह्यातल्या चिन्नप्पमपट्टी गावचा, हातावर पोट असलेल्या घरातला. दौऱ्यावर तो नेटमध्ये गोलंदाजी करायला म्हणून गेला होता. घरी त्याला मुलगी झाली होती आणि तिचे तोंड त्याने अजून पाहिले नव्हते. जिंकलेला चषक नव्या पोराच्या हाती द्यायची रीत धोनीच्या काळापासून भारतीय संघात रुळली आहे, ती अजिंक्यने काढलेली नाही. पण तो संघ, ती मालिका, ते मैदान यांचा विचार करा. कुठल्याही कप्तानाला आयुष्यात एकदा मिळावा असा तो चषक होता. त्याने तो हातात फार वेळ ठेवला नाही.

ड्रेसिंग रूममध्ये त्याने जे चार शब्द सांगितले त्यांची चित्रफीत भारतीय क्रिकेट मंडळाने नंतर दाखवली. त्यात त्याने आवर्जून नावे घेतली ती कुलदीप यादव आणि कार्तिक त्यागी यांची. दोघेही त्या मालिकेत एकही कसोटी खेळले नव्हते. कुलदीपला तो म्हणाला की तुझ्यासाठी हे कठीण होते, पण तुझी वृत्ती चांगली राहिली, तुझी वेळ येईल. या प्रसंगापुढे मला ११२ धावा लहान वाटतात. अकरा खेळाडूंची नावे तर सगळेच घेतात. बाराव्याचे, तेराव्याचे दुःख काय असते ते ज्याला कधी बाहेर बसावे लागले त्यालाच कळते, आणि अजिंक्यने संघात निवड होऊनही पदार्पणासाठी दीर्घ काळ बाहेर बसून काढला होता.

मुंबईला घरी परतल्यावर ढोल-ताशांत स्वागत झाले. सोसायटीतल्या माणसांनी प्रेमाने केक आणला होता, वर कांगारू बसवलेला. अजिंक्यने तो कापायला नकार दिला. कांगारू हा त्यांचा राष्ट्रीय प्राणी, जिंकलो तरी समोरच्याचा मान ठेवायचा, असे कारण त्याने पुढे मुलाखतीत सांगितले. या प्रसंगावर आमच्याकडे जितकी चर्चा झाली तितकी पंतच्या खेळीवरही झाली नसेल. काही पोरांना ते पटले नाही. एवढ्या शिव्या खाल्ल्या, एक केक कापला असता तर काय बिघडले असते, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना आमचीच उदाहरणे दिली. आमच्याकडे जिंकलेल्या संघाची मिरवणूक मुद्दाम वाट वाकडी करून हरलेल्या गावाच्या वेशीवरून जाते. तिथे डीजेचा आवाज वाढतो, गुलाल उधळला जातो, आणि पुढच्या वर्षी दोन्ही गावांचे संघ एकाच स्पर्धेत उतरवणे आयोजकांना अवघड होऊन बसते. एका गावच्या पोरांनी एकदा ही वाट बदलली. सरळ आपल्या गावी गेले. त्यांच्या कप्तानाने एवढेच सांगितले की त्या गावात आपल्या बहिणी दिल्या आहेत. त्याला कांगारूची गोष्ट ठाऊक होती की नाही, मी विचारले नाही. ठाऊक नसली तरी काही अडत नाही.

आमच्या जिल्ह्यात बॅनरची काही कमी नाही. वाढदिवसाचा, निवडीचा, स्पर्धेचा, प्रत्येक बॅनरवर फोटोंची दाटी असते आणि कुणाचा फोटो किती मोठा यावरून मने दुखावतात. मी हे रागाने सांगत नाही. मोठे होण्याच्या वाटा ज्या भागात थोड्या असतात, तिथे फोटो हीच एक वाट उरते, हे मला कळते. म्हणूनच, जो माणूस जगाने पाहिलेल्या फोटोत कडेला जाऊन उभा राहतो त्याच्याबद्दल आमच्या पोरांना एवढे वाटते. त्यांनी असे फारसे पाहिलेले नाही.

चांगुलपणा म्हटला की लोकांना मवाळपणा आठवतो, तसे मात्र नाही, आणि याची साक्ष हॉकी देते. हिंगोली ही जुनी छावणी. निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची फौज इथे असे. १९०३ मध्ये ती फौज इंग्रजी सैन्यात विलीन झाली, पण पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे अजून जिभेवर आहेत. हॉकी या देशात पसरली ती अशाच छावण्यांतून. पुण्याजवळची खडकी तशीच, आणि तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या स्टिका दोरीने बांधून, धनराज पिल्ले वाढला. वडील मैदानाची निगा राखणारे. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा खेळलेला हा माणूस तापट होता, मैदानावर भांडायचा, हरल्यावर उघड रडायचा. १९९८ मध्ये बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकले. आणि परत आल्यावर त्याला व इतर काही ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. विश्रांती दिली, असे कारण सांगितले गेले. खेळाडूंच्या मानधनाबद्दल तोंड उघडल्याची ती शिक्षा होती, असेच हॉकीवर प्रेम करणाऱ्यांनी मानले. गळ्यात सुवर्णपदक असताना धनराजला गप्प बसून सुखाने पुढची दहा वर्षे काढता आली असती. सोबत्यांच्या पैशांसाठी तो बोलला. पुन्हा संघात आला, आणि २००३ मध्ये क्वालालंपूरला त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने पहिल्यांदा आशिया चषक जिंकला.

नांदेडला दरवर्षी श्री गुरू गोबिंदसिंघजी सुवर्ण व रजत चषक हॉकी स्पर्धा होते, खालसा हायस्कूलच्या मैदानावर. हिंगोलीहून फार लांब नाही, मी जमेल तेव्हा जातो. तिथे जुनी माणसे धनराजबद्दल बोलतात तेव्हा गोलांबद्दल थोडे आणि त्या १९९८ बद्दल जास्त बोलतात. शांत अजिंक्य आणि धगधगता धनराज यांच्यात मला दिसणारा सारखेपणा एवढाच, की दोघांनाही आपल्या मागे उभ्या असलेल्यांची काळजी होती.

अजिंक्यलाही कठोर होता येते. सप्टेंबर २०२२, कोइंबतूर, दुलीप करंडकाचा अंतिम सामना. पश्चिम विभागाचा कप्तान अजिंक्य, आणि दुसऱ्या डावात २६५ धावा करून सामना फिरवणारा यशस्वी जयस्वाल त्याच्याच संघात. शेवटच्या दिवशी क्षेत्ररक्षण करताना यशस्वी दक्षिण विभागाच्या रवी तेजाला सतत बोलत राहिला. पंचांनी समज दिली. अजिंक्यने समजावले. तरीही तो थांबेना तेव्हा अजिंक्यने त्याला मैदानाबाहेर पाठवले. काही वेळ संघ दहाच जणांनी क्षेत्ररक्षण करत राहिला. सामन्याचा मानकरी ठरणारा, वीस वर्षांचा, मुंबईच्या मैदानांवर उपाशीपोटी दिवस काढून वर आलेला तो पोरगा, आणि त्याला सगळ्यांसमोर बाहेर काढायचे. हे करताना कप्तानालाही जड गेले असेल. पण अशा वेळी लाड केलेल्या हुशार पोरांचे पुढे काय होते, ते मी जिल्ह्यात पाहिले आहे. जुलै २०२३ मध्ये यशस्वीने वेस्ट इंडिजमध्ये कसोटी पदार्पणातच १७१ धावा केल्या. त्या संघाचा उपकप्तान अजिंक्य होता.

मैदानाबाहेरच्या दोन गोष्टी आमच्या भागासाठी खास आहेत, थोडक्यात सांगतो. २०१५ साली मराठवाडा दुष्काळाने करपला होता तेव्हा अजिंक्यने जलयुक्त शिवार अभियानासाठी पाच लाख रुपये दिले. आणि मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, राज्यातल्या जिल्ह्यांसाठी ३० ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दिले. त्या मे महिन्यात हिंगोलीने आपला माजी खासदार राजीव सातव गमावला, आणि कितीतरी घरांनी आपला कर्ता माणूस. कुणाला कुठले यंत्र मिळाले याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. पण तेव्हा कोण कोण धावून आले, ते लक्षात राहिले आहे.

माझ्या पाहण्यातला एक कप्तान वसमत तालुक्यातला. नाव सांगणार नाही, त्याला ते आवडणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे हळदीची धांदल असते. काढणी, शिजवणी, वाळवण, सगळे एकदम येते, मजूर मिळत नाहीत, आणि संघातली पोरे एकेक करून गळतात. त्याच्या संघाच्या चांगल्या गोलंदाजाला बापाने सांगून टाकले की हळद निघेपर्यंत खेळायचे नाव काढू नकोस. बाप आजारी, घरात दुसरा हात नाही. अंतिम सामना तोंडावर आलेला. कप्तान पोराला पळवून आणायला गेला नाही. सगळा संघ घेऊन त्यांच्या रानात गेला. पोरांनी हळद वेचली, कुकरपर्यंत वाहिली, शिजलेली पसरली. काम आटोपले तेव्हा बाप म्हणाला, आता घेऊन जा त्याला. ते अंतिम सामना हरले, मी तिथेच उभा होतो. पुढच्या हंगामात त्या गोलंदाजाच्या बापानेच संघाला येण्या-जाण्यासाठी आपला टेम्पो दिला.

अजिंक्यने भारताचे नेतृत्व सहा कसोटींत केले. चार जिंकल्या, दोन अनिर्णित राहिल्या, हरली एकही नाही. पूर्ण वेळचा कप्तान त्याला कधी केले गेले नाही, आणि त्याबद्दल त्याने कुरकुर केल्याचे मी ऐकले नाही. मार्च २०२४ मध्ये त्याच्या मुंबईने वानखेडेवर विदर्भाला हरवून ४२ वा रणजी करंडक जिंकला. विदर्भाचा एकच गडी उरला होता आणि धवल कुलकर्णीचा तो शेवटचा सामना होता, म्हणून अजिंक्यने चेंडू धवलच्या हाती दिला. धवलने उमेश यादवचा त्रिफळा उडवला आणि आपली कारकीर्द तिथे संपवली. ऑगस्ट २०२५ मध्ये अजिंक्यने मुंबईचे कप्तानपद स्वतःहून सोडले. नवा कप्तान घडवण्याची हीच वेळ आहे, असे त्याने सांगितले, आणि खेळाडू म्हणून तो संघातच राहिला. त्याच्या जागी कप्तान झाला पालघरचा शार्दूल ठाकूर.